उल्हासनगरचा फ्रेंच पलंग

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल धरली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्टेशने वीस-पंचवीस मिनिटांत मागे पडतात. आपल्यापैकी कित्येक घरांचा हा रोजचा रस्ता आहे. बसायला जागा मिळाली तर डोळे मिटावेत, नाही मिळाली तर समोरच्याच्या पाठीकडे बघत उभे राहावे. बाहेर बघण्यासाठी हा प्रवास कुणी करत नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र आम्ही तो तीन वेळा केवळ बघण्यासाठी केला. बघायचे होते लाकडी सामान.

निमित्त घरातलेच. आमच्या भाचीचा निकाह ठरला होता. मुलाकडच्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकले की जहेज म्हणून चमचासुद्धा नको. मुलाने बदलापूर पश्चिमेला दोन खोल्यांचे तळमजल्यावरचे घर घेतले होते आणि त्यात लागेल तेवढे सामान दोघांनी आपल्या कमाईतून घ्यायचे ठरवले होते. पैसे बेताचे. भाचीने मोबाईलवर चित्रे जमवून ठेवली होती. पांढुरका पलंग, कमानदार पायांच्या खुर्च्या, निळ्या फुलांचे पडदे, दोन दारांचे उंच कपाट आणि त्या सगळ्यांच्या खाली एकच नाव : फ्रेंच कंट्री. म्हणजे फ्रान्सच्या खेड्यातल्या घराची सजावट. "मामू, हे सगळं उल्हासनगरला मिळतं," ती म्हणाली. आम्ही हसलो खरे, पण ती चुकीचे बोलत नव्हती. उल्हासनगरला काय मिळत नाही!

हे गाव मुळात रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ फौजेसाठी मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपले, छावणी ओस पडली आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकी देण्यात आल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसवली गेली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून नाव पडले उल्हासनगर. आजही तिथे पत्ता विचारला तर 'कॅम्प दोन', 'कॅम्प चार' असेच उत्तर मिळते. लांबच लांब बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहिली. ज्यांच्या हवेल्या मागे सुटल्या त्यांना इथे आल्यावर आधी काय लागले असेल? निजायला खाट, बसायला स्टूल आणि चार कपडे ठेवायला पेटी. जिथे एवढी माणसे बिनसामानाची उतरली, तिथे फर्निचरचा बाजार उभा राहिला यात नवल नाही. आता लग्नसराईत तिथे अशी गर्दी होते की टेम्पोतून उतरणारा सोफा आणि रस्ता ओलांडणारी म्हातारी यांच्यात आधी कुणी जायचे यावरून भांडण व्हावे.

पहिल्या फेरीत आम्ही तो फ्रेंच पलंग पाहिला. दुधासारखा पांढरा डुको पेंट, डोक्याकडच्या फळीवर कोरीव गुलाब, कडेला सोनेरी रेघ. सोबत ड्रेसिंग टेबल, दोन छोटी कपाटे आणि आरशाचे मोठे कपाट. सेटची किंमत पंचावन्न हजार. "फ्रेंच पीस आहे भाभी, परवा घरपोच," दुकानातला तरुण म्हणाला. लाकूड कोणते, असे विचारल्यावर त्याने आडपडदा ठेवला नाही. "लाकूड कुठलं, एमडीएफ आहे. आतले खण पार्टिकल बोर्डचे." म्हणजे लाकडाचा बारीक भुसा डिंकासारख्या रसायनात कालवून, दाबून केलेली फळी. गुलाब कोरले होते यंत्राने, संगणकावर नक्षी टाकून. सगळे गुलाब एकसारखे. एका पाकळीचा कोपराही वेगळा नाही.

भाचीला पलंग आवडला. खरे सांगायचे तर आमच्यातल्या निम्म्या जणांनाही आवडला. पण घरी आल्यावर आम्ही जरा चौकशी केली, की फ्रान्सच्या खेड्यात खरोखर काय असायचे. जे कळले त्याने आमची करमणूक झाली, कारण ते घर आम्हाला भलतेच ओळखीचे वाटले.

उत्तर फ्रान्समधला नॉर्मंडी हा ओकच्या लाकडाचा मुलूख. तिथे लग्नात मुलीसोबत ओकचे भलेमोठे कपाट येई, त्यात तिच्या चादरी, टॉवेल, कपडे. दारांवर फुलांच्या परड्या, गव्हाच्या ओंब्या, कबुतरांच्या जोड्या कोरलेल्या. म्हणजे कपाटाचे जहेज त्यांच्याकडेही होतेच. दक्षिणेकडे प्रोव्हान्समध्ये अक्रोडाचे लाकूड जास्त. तिथल्या स्वयंपाकघरात भिंतीला एक देखणी पेटी टांगलेली असे, तिला चहूबाजूंनी कातीव दांड्यांची जाळी. तिच्यात पाव ठेवायचा, म्हणजे हवा लागते आणि उंदीर लागत नाही. आपल्याकडे दूध-सालन ठेवायचे जाळीचे कपाट असायचे, तीच गोष्ट. खाली कणिक मळायची लाकडी कुंडी. ही तर आपली काठवटच, फक्त पायांवर उभी केलेली. खुर्च्यांच्या बैठका गवताने विणलेल्या, आपल्या सुंभाच्या बाजेसारख्या. आणि मध्यभागी एक लांब टेबल, ज्यावर भाजी चिरायची, जेवायचे आणि जेवण झाल्यावर मुलांनी अभ्यास करायचा.

हे सामान फ्रान्समधल्या शेतकऱ्यांनी शोभेसाठी केले नव्हते. गावाच्या शेजारच्या जंगलातले लाकूड, गावातला सुतार, आणि घरात जे काम पडेल त्याप्रमाणे वस्तू. शोभा नंतर आली. पंधराव्या लुईच्या काळात, म्हणजे १७१५ ते १७७४ या वर्षांत, पॅरिसच्या अमीर-उमरावांकडे कमानदार पायांच्या खुर्च्यांची आणि वळणदार नक्षीची फॅशन आली. ती हळूहळू खेड्यांपर्यंत पोहोचली आणि गावच्या सुताराने बघून बघून, ऐकून ऐकून आपल्याकडच्या लाकडात तिची नक्कल केली. महागडे महोगनी नाही तर चेरी घेतले. सोन्याचा मुलामा नाही तर नुसते मेण चोळले. आज ज्याला जग फ्रेंच कंट्री म्हणून डोक्यावर घेते ती मुळात नक्कलच आहे. १९८९ साली पीटर मेल या इंग्रज लेखकाचे प्रोव्हान्सवरचे पुस्तक गाजल्यावर तर या खेडवळ घरांचे वेड इंग्लंड-अमेरिकेत आणखीच पसरले.

उल्हासनगरला नकलेवरून हिणवणारे पुष्कळ आहेत. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतो. आम्हाला त्यात आता फारसे हसू येत नाही. प्रोव्हान्सचा सुतारही नकल्याच होता. फरक एवढाच की त्याने नक्कल केली ती अक्रोडात, खाच पाडून आणि कुसू बसवून. आमच्यासमोरच्या पलंगाची नक्कल होती भुशात, स्क्रू आणि फेविकॉल लावून. म्हणून आम्ही दुसऱ्या फेरीत दुकानदारांना 'फ्रेंच आहे का' हे विचारणे सोडले आणि 'मागची बाजू दाखवा' असे म्हणू लागलो.

हे ऐकून एका जुन्या दुकानातले ऐंशी ओलांडलेले मालक गल्ल्यावरून उठून आले. पांढरा झब्बा, हातात काठी. "मागची बाजू बघणारं गिऱ्हाईक फार दिवसांनी आलं," म्हणाले आणि चहा मागवला. त्यांचे वडील हैदराबाद-सिंधमधून आले तेव्हा हे पाच वर्षांचे होते. वडिलांनी पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांपासून स्टुले करून विकली, तिथून हे दुकान. बोलता बोलता त्यांनी पींघ्याची गोष्ट काढली. पींघो म्हणजे सिंधी घरातला मोठा झोपाळा, पलंगाएवढा. त्याच्या दांड्यांवर हाला गावच्या कारागिरांनी लाखेचे लाल, पिवळे, काळे थर चढवलेले असत आणि टोकदार हत्याराने वरचा थर खरवडून खालच्या रंगाची नक्षी काढलेली असे. "बनवणारे सगळे मुसलमान, साईं. झुलणारे आम्ही," ते म्हणाले. "आई म्हणायची, घर गेल्याचं काही नाही, घर परत होतं. पींघो कुणी उतरवून घेतला असेल का तसाच टांगलेला असेल, एवढं कळलं असतं तर बरं होतं." आमच्याकडे यावर बोलण्यासारखे काही नव्हते. भिवंडीतल्या आमच्या दादींच्या घरातला सागवानी झोपाळाही वाटण्या झाल्या तेव्हा कुणाकडे गेला ते आम्हाला सांगता येत नाही. पण त्यांच्यापुढे ते दुःख काढण्याजोगे नव्हते.

त्यांच्याच दुकानात बसून आम्ही शब्दांची एक गंमत केली. भाचीने विचारले, या सगळ्या इंग्रजी-फ्रेंच वस्तूंना आपल्याकडे काय म्हणत असतील? म्हटले, उलटे विचार. सोफा हा शब्द अरबी 'सुफ्फा'वरून तुर्कांमार्फत युरोपात गेला. सुफ्फा म्हणजे बसायचा ओटा. मस्जिदे नबवीतल्या असहाबे सुफ्फांचे नाव आपल्या घरात लहान मुलांनाही ठाऊक असते. दिवाण फारसी. 'ऑटोमन' नावाची बिनपाठीची बैठक थेट उस्मानी तुर्कांच्या नावाची. फ्रेंच लोक गादीला जे नाव देतात तेही अरबी 'मतरह'वरून आलेले. आपली खुर्ची अरबी 'कुर्सी'. मात्र अलमारी हा शब्द पोर्तुगीजांनी आणलेला; त्यांचा 'आर्मारियो' आणि फ्रेंचांचा 'आर्म्वार' ही एकाच लॅटिन आईची लेकरे. म्हणजे दादी 'अलमारीची चावी दे' म्हणायच्या तेव्हा अर्धे फ्रेंचच बोलत होत्या!

तिसरी फेरी अंबरनाथची. अंबरनाथ म्हटले की लोकांना १०६० सालचे शिलाहारांचे दगडी शिवमंदिर आठवते, नाहीतर एमआयडीसीतल्या कारखान्यांचा वास. आमच्या वडिलांच्या पिढीला आठवायची ती विमको, आगपेट्यांचा कारखाना. विमको नाका हे नाव अजून आहे. आगपेटीच्या काड्यांना मऊ लाकूड लागते आणि पलंगाला कडक. पूर्वेकडच्या ज्या गल्लीत आम्हाला मालकांनी धाडले तिथे कडक लाकडाचे काम चालते. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले की पलीकडे मलंगगडाचे सुळके दिसतात. हाजी मलंगच्या उरुसाला जाताना आम्ही लहानपणी याच बाजूने गेलो होतो, पण रंध्याचा आवाज तेव्हा ऐकल्याचे आठवत नाही.

उस्ताद सहारनपूरचे. उत्तर प्रदेशातल्या या शहरात लाकडावरची कोरीव नक्षी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ते काम करणारे बहुतेक आपलेच मुसलमान कारागीर. तिथला खास नमुना म्हणजे अंगूरी बेल, द्राक्षाची वेल आणि पाने. भाचीने मोबाईलमधले नॉर्मंडीचे कपाट दाखवले. उस्तादांनी ते दोन बोटांनी मोठे करून पाहिले, कबुतरांवर नजर थांबली, मग म्हणाले, "परिंदे रहने दो बेटा, बेल डाल देता हूँ." दादी असत्या तर त्यांनीही हेच सांगितले असते. पण गंमत अशी की द्राक्षाची वेल ही फ्रान्सच्या खेड्यांतलीही आवडती नक्षी. तेव्हा भाचीचे काही गेले नाही.

उस्तादांकडे एक अर्धवट झालेली रेहल पडली होती. कुरआन शरीफ ठेवण्यासाठी आपण सगळेच ती वापरतो, पण ती कशी होते ते आम्ही पहिल्यांदा पाहिले. एकच अखंड फळी. तिच्या जाडीतूनच दोन पाने मोकळी करायची आणि मधोमध एकमेकांत अडकलेली बोटे कोरायची. ना खिळा, ना बिजागरी, ना डिंक. उघडली की उभी, मिटली की पुन्हा फळी. "ज्याला ही नीट जमली त्याला कपाट अवघड नाही," उस्ताद म्हणाले. आम्हाला त्यांच्याकडून काम करून घेण्यासाठी आणखी दाखल्याची गरज उरली नाही.

पॉलिशचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, फ्रेंच पाहिजे ना, मग फ्रेंच पॉलिश करून देतो. आपल्याकडचे पॉलिशवाले वर्षानुवर्षे हे नाव घेतात. स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने लाकडावर गोल गोल हात फिरवत थरावर थर चढवायचा. एकोणिसाव्या शतकात युरोपभर या चमकेची फॅशन होती. आणि लाख कुठली? आपल्या पळस, बोर, कुसुमच्या झाडांवरच्या किड्यांची; आजही झारखंड-छत्तीसगडचे जंगल हे तिचे आगर. सिंधमधल्या पींघ्यावरचा रंगही लाखेचाच. उल्हासनगर-अंबरनाथच्या गल्ल्यांत फ्रेंच नावाची जी एक गोष्ट खरोखर जुनी आहे ती अशी हिंदुस्थानी निघाली.

आता बदलापूर. या गावाचे नाव प्रवासी तिथे घोडे बदलत त्यावरून पडले असे सांगतात. हल्ली तिथे घरे बदलून येणारे जास्त. मुंबईत, मुंब्र्यात, कल्याणात जागा परवडत नाही म्हणून नवी जोडपी बदलापूर गाठतात. घर मिळते, हवा बरी, जांभळे उत्तम. पण उल्हास नदी जवळ आहे, आणि तिची आठवण ठेवावी लागते. भाचीची अम्मी, म्हणजे आमच्या आपा, २००५ साली बदलापूरलाच राहत होत्या. २६ जुलैच्या पावसात त्यांच्या घरात कमरेइतके पाणी शिरले. पाणी उतरल्यावर आम्ही मदतीला गेलो तेव्हा दिवाण फुगून दुप्पट जाड झाला होता, त्यावरचा सनमायका पापडासारखा उचकटला होता आणि कपाटाचे खण हात लावताच खिरीसारखे सुटत होते. ते सामान हप्त्यावर घेतलेले होते. हप्ते पुढे सात महिने भरावे लागले. वाचली ती एक सागवानी संदूक, आपांच्या सासूबाईंची. तिला धुतले, सावलीत वाळवले. महिनाभर झाकण घट्ट बसत होते, मग पूर्ववत झाले. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, ते दृश्य वाचकांनी टीव्हीवर पाहिलेच असेल. त्या दिवशी आपा फोनवर पहिले वाक्य बोलल्या ते रेल्वेबद्दल नव्हते. "संदूक टेबलावर चढवली," एवढेच म्हणाल्या.

याचे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पाणी पितात, भुसा फुगतो आणि पुन्हा आकसत नाही. साध्या प्लायवुडचे थर ज्या गोंदाने चिकटवतात तो पाण्यात टिकत नाही. सागवानही पाण्याने थोडे फुगते, पण वाळले की मूळ मापावर येते आणि त्यात स्वतःचे तेल असते. म्हणून जहाजे सागवानाची. फ्रान्सशी झालेल्या लढायांनंतर इंग्लंडमध्ये ओकचा तुटवडा पडला तेव्हा इंग्रजांनी मुंबईच्या गोदीत वाडिया सुतारांकडून सागवानी युद्धनौका बांधून घेतल्या. १८१७ सालची 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. आणि आमचा कल्याण-भिवंडीचा मुलूख तर याच धंद्याचा. सहाव्या शतकातल्या कॉस्मस नावाच्या प्रवाशाने कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात लाकडाचे ओंडके नोंदवले आहेत. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. शहापूर-मुरबाडच्या जंगलात साग आहे, म्हणून आपल्या जुन्या घरांचे खांब, झोपाळे, अलमाऱ्या सागाच्या. ज्याला फ्रान्समध्ये ओक म्हणतात तो आमचा इथे उभा होता.

पण नवे सागवान आमच्या ऐपतीबाहेरचे. उस्तादांनी वाट दाखवली : पाडलेल्या इमारतींचे जुने लाकूड. मुंबईतल्या चाळी, वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि दरवाजे वखारीत येतात आणि घनफुटावर विकले जातात. ऐंशी-शंभर वर्षे वाळलेले लाकूड आता आणखी वाकत नाही. खिळे काढून घ्यावे लागतात, भोके दिसतात, पण किंमत नव्याच्या खूप खाली. भोकांची लाज वाटत असेल तर त्यांना पुरातन म्हणावे; मटन स्ट्रीटच्या चोर बाजारात आणि ओशिवऱ्याला त्याच भोकांचे जादा पैसे घेतात. आपल्याच काठवटी आणि जाळीची कपाटे तिथे काचेमागे ठेवलेली आम्ही पाहिली आहेत. कुणाच्या तरी सुनेने जुनाट म्हणून भंगारात दिलेली.

ज्यांना बोर्डाचेच सामान घ्यायचे आहे, आणि बजेट पाहता बहुतेकांना तेच घ्यावे लागते, त्यांनी दोन-चार गोष्टी जरूर बघाव्यात. प्लायवुडवर आयएसआयची खूण आणि आकडा असतो. ३०३ हा साध्या प्लायवुडचा मानक, त्यातही ओल सोसणारा प्रकार वेगळा मागून घ्यावा लागतो. ७१० म्हणजे मरीन प्लाय, पाण्यात टिकणारे. खण पूर्ण बाहेर ओढून त्याची तळफळी बघावी, ती पुठ्ठ्याएवढी असेल तर समजून जावे. कापलेल्या कडा उघड्या असतील तर पाणी तिथूनच शिरते. बॉक्स बेड जमिनीला टेकलेला असतो. ओलीच्या घरात तो घेऊ नये, पायांचा पलंग घ्यावा. आणि कोरीव कामावरून बोट फिरवावे. हाताच्या कामात दोन पाने कधी सारखी नसतात.

शेवटी झाले असे. कपाट जुन्या सागवानाच्या चौकटीचे, मधली तावदाने मरीन प्लायची, दारांवर अंगूरी बेल. फ्रेंच पॉलिश. भाचीला ते पांढरे हवे होते, पण उस्ताद सागवानावर रंग फासायला तयार होईनात. पलंगासाठी मात्र त्यांनी उरलेल्या, गाठी असलेल्या फळ्या वापरल्या आणि त्यावर तिच्या मनासारखा दुधी रंग दिला. रंगाने गाठी झाकतात. फ्रान्सच्या खेड्यातही स्वस्त देवदाराचे सामानच रंगवत, ओक-अक्रोडाला नुसते मेण. सगळे मिळून अठ्ठेचाळीस हजार झाले आणि दीड महिना लागला. परवा घरपोच नाही. मधे दोनदा उस्ताद गावी गेले, एकदा वीज नव्हती. धीर ज्यांच्याकडे नाही त्यांनी या गल्लीत जाऊ नये.

पैसे अर्धे मुलाचे, अर्धे भाचीचे. आपांनी "निदान पलंग तरी आमच्याकडून" असा आग्रह धरला तेव्हा होणाऱ्या जावयाने नम्रपणे पण ठाम नकार दिला. आपल्या समाजात पलंग, कपाट, सोफा, फ्रीज ही यादी निकाहाच्या तारखेआधी निघते आणि बाप कर्ज काढतो, हे आपण सगळे जाणतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा आहे आणि उल्हासनगरच्या दुकानात 'मॅरेज पॅकेज'चा बोर्ड आजचा आहे. हजरत अली (रजि.) यांनी आपली जिरह विकून मेहेरची रक्कम उभी केली आणि हजरत फातिमा (रजि.) यांच्या घरी खजुराच्या सालींनी भरलेली उशी, मश्क, जाते असे मोजके सामान आले, हा वाकिआ आपण बयानात ऐकतो. ऐकून घरी येतो आणि पॅकेज ठरवतो.

पडद्यांसाठी उल्हासनगरच्या जपानी मार्केटात पुन्हा गेलो. निळ्या फुलांचे फ्रेंच छापे तिथे ढिगाने होते. या छाप्यांची कुळी कळल्यावर भाचीने कपाळाला हात लावला. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून छींट फ्रान्सला जाऊ लागली आणि तिथे तिचे असे वेड लागले की रेशमवाल्यांचा धंदा बसला. १६८६ साली सरकारने हे कापड आणण्यावर, छापण्यावर बंदी घातली. १७५९ साली ती उठली. पुढच्याच वर्षी ओबरकाम्फ नावाच्या माणसाने पॅरिसजवळच्या झुई गावात छापखाना काढला आणि तिथला सुती छापा जगप्रसिद्ध झाला. प्रोव्हान्समधले फुलाफुलांचे कापडही त्याच घराण्यातले. फ्रेंच त्याला 'अँदिएन' म्हणत, म्हणजे हिंदुस्थानी. तर सिंध्यांच्या शहरातल्या जपानी मार्केटात फ्रेंच नावाचा हिंदुस्थानी छापा आम्ही ऐंशी रुपये मीटरने घेतला. सुती आहे, धुता येतो.

कपाट बदलापूरला पोहोचले ते सुटे होऊन. नॉर्मंडीची कपाटेही लाकडी खुंट्यांवर जोडलेली असत, म्हणजे घर बदलताना उकलता यावीत. उस्तादांनी तशाच खुंट्या ठेवल्या आणि पायांना नऊ इंच उंची दिली. जुलैमध्ये एका रात्री नदी वाढल्याचा निरोप आला. दोघांनी खालचा खण रिकामा करून कपडे वरच्या फळीवर चढवले, मुलाने हातोडी आणि खुंट्या काढायचा दांडा उशाशी घेतला. पाणी अंगणातल्या दुसऱ्या पायरीला लागले आणि फजरच्या सुमारास उतरले.